लांबी बदलणारा व्हर्टिकल अँटेना घेण्यापूर्वी

हौशी रेडिओसाठीच्या या उभ्या अँटेनात बेरिलियममिश्रित तांब्याची पट्टी स्टेपर मोटरच्या (ठरावीक छोट्या टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरच्या) साहाय्याने फायबरग्लासच्या पोकळ नळीतून वरखाली सरकते; त्यामुळे १४.२ मेगाहर्ट्झला सुमारे ५ मीटर आणि ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे १० मीटर, अशी पाव तरंगलांबी त्या त्या बँडवर (वारंवारतेच्या पट्ट्यावर) खरोखर मिळते. तरीही माझा आग्रह आहे, की तुम्ही पैसा आणि कष्ट आधी रेडियल तारांवर (अँटेनाच्या बुंध्यापासून जमिनीवर चहूबाजूंना पसरलेल्या तारांवर) खर्च करावेत, कारण जमिनीलगत बसवलेल्या अँटेनाला त्या अपुऱ्या पडल्यास एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजे केबल आणि अँटेना किती जुळतात हे दाखवणारा आकडा) उत्तम दिसत असूनही बरीचशी शक्ती मातीतच उष्णतेच्या रूपाने वाया जाते. केवळ एसडब्ल्यूआर मीटरच्या आकड्यावर कृपया समाधान मानू नका. पट्टी सरकत असताना प्रक्षेपण मुळीच करू नये. कोएक्सप्रमाणेच (रेडिओ आणि अँटेना जोडणाऱ्या केबलप्रमाणेच) मोटरच्या कंट्रोल केबललाही आकाशातील विजेपासून वाचवणारा वीजसंरक्षक जोडावा.