रायफलची पुंगळी दुसऱ्या मापाची करताना तिची मान का चिरते?

तुमचा प्रश्न असा: परदेशातले नेमबाज थर्टी-ऑट-सिक्स या रायफलच्या काडतुसाची रिकामी पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे उरणारं पितळी कवच, कापून, डायमध्ये म्हणजे पोलादी साच्यात दाबून ८ × ५७ माउझर या दुसऱ्या काडतुसाच्या मापाची करतात, तर त्यातल्या काहींची मान, म्हणजे गोळी धरणारं अरुंद तोंड, उभी का चिरते? आणि तापवून पाण्यात टाकल्यावर ती उलट कडक होणार नाही का? मी बंदुकीतला माणूस नाही. सोलापुरात मंगळवार पेठेत आमचं पितळी भांडी ठोकायचं, दुरुस्तीचं काम आहे. पण हा प्रश्न पितळेचाच आहे, म्हणून लिहितो.

पुंगळीच्या पितळेत ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त असतं. पितळ गार असताना ठोका, दाबा, ओढा, दरवेळी ते कडक होतं. घागरीचा गळा आवळताना आवाज टणक यायला लागला की थांबून ताव द्यायचा, म्हणजे तापवून नरम करायचं, असं वडील सांगायचे. शिकाऊ असताना 'अजून एक फेरी होईल' म्हणून मी ठोकत राहिलो आणि काठ बोटभर फाटला. पुंगळीच्या मानेचं तेच होतं. एकदा गोळी उडताना ती फुगलेली असते, मग डायमध्ये आवळली जाते. मध्ये ताव दिला नाही तर चिरणारच.

पाण्याचं म्हणाल, तर ती लोखंडाची सवय. पोलाद लाल करून विझवलं की कडक होतं, पितळ होत नाही. पितळ तापल्यानेच नरम होतं, मग सावकाश गार करा नाहीतर लगेच. पुंगळीच्या बाबतीत पाणी लागतं ते बुडासाठी, मानेची धग तिथपर्यंत पोचू नये म्हणून. स्फोटाचा दाब पेलायला बूड कडक लागतं, ते नरम पडलं तर चालवणाऱ्याच्या तोंडावर फुटू शकतं. म्हणून ताव फक्त मानेला आणि खांद्याला, म्हणजे मानेखालच्या उतरत्या भागाला, देतात.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. थर्टी-ऑट-सिक्सची पुंगळी सुमारे ६३ मिलिमीटर लांब. ती ५७ वर आणली की नवी मान जुन्या खांद्याच्या आणि अंगाच्या जाड पितळेतून बनते. ती आतून किंवा बाहेरून तासली नाही, तर गोळी सुटायला मानेला फुगायला जागाच उरत नाही आणि दाब भलताच वाढतो.

न वापरताही चिरा जातात, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली असायची आणि आपोआप तडकायची. कारण १९२१ साली नीट उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळेत अडकून राहिलेला ताण. हलका ताव देऊन ताण काढला की तडकणं थांबतं. आमच्याकडे मोहोळकडच्या एका शेतकऱ्याचा तांब्या आला होता, गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलेला, कुठे आपटलेला नाही, तरी काठापासून खाली चीर. तेव्हा मला उलगडा झाला नव्हता.

आपल्याकडे हे घरी करून बघू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि त्याचे सुटे भाग व बनवायची यंत्रंही त्या व्याख्येत येतात. ताव कसा बसतो ते बघायचंच असेल, तर एखादा जुना पितळी तांब्या घेऊन दुकानात या, समोर करून दाखवतो.