‘ताण’ किती गोष्टींना म्हणायचं?

प्रश्न असा आहे : हृदयाच्या स्नायुपेशींवर मराठीत लिहिताना स्ट्रेच, टेन्शन, स्ट्रेस आणि स्ट्रेन या चारही शब्दांसाठी ‘ताण’ वापरला तर चालेल का?

नाही चालणार. बोलण्यात ‘ताण’ कुठेही खपून जातो, आणि टेन्शन तर आपण परीक्षेचंही घेतो. पण इथे लांबी आणि बल या दोन निराळ्या राशी आहेत. दोन्हींना एकच नाव दिलं, तर या विषयातला मूळ सिद्धान्तच ‘ताण वाढला की ताण वाढतो’ असा लिहावा लागेल.

प्रयोगात काय होतं ते पाहा. हृदयस्नायूची बारीक पट्टी दोन्ही टोकांना पक्की धरतात. एक टोक बल मोजणाऱ्या यंत्राला जोडलेलं असतं. विजेचा हलका झटका दिला की पट्टी आकसू पाहते, पण टोकं जागची हलत नाहीत. बल वाढलं, लांबी तेवढीच राहिली. इथे ताण आहे, पण काहीच ताणलं गेलेलं नाही. मग स्क्रू फिरवून टोकं जरा लांब नेतात. हे झालं ताणणं. पुढच्याच ठोक्याला बल वाढलेलं दिसतं. 1895 मध्ये ओटो फ्रांक यांनी बेडकाच्या आणि पुढे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या हृदयावर दाखवलं ते हेच.

पेशीच्या आत पाहिलं, तर सार्कोमियरची, म्हणजे आकुंचन पावणाऱ्या तंतूंच्या सर्वांत लहान एककाची लांबी सुमारे 1.8 वरून 2.2 मायक्रोमीटरवर गेली की तंतू तेवढ्याच कॅल्शियमला जास्त जोराने प्रतिसाद देतात. त्यापुढे ओढू गेल्यास टायटिन हे प्रथिन आणि भोवतालचं कोलॅजन अडवतात. पट्टी वाढलेल्या लांबीवर तशीच ठेवली, तर पुढची काही मिनिटं बल सावकाश आणखी वाढत राहतं. या खेपेला मात्र दर ठोक्याला पेशीत मोकळं होणारं कॅल्शियमच वाढलेलं असतं.

म्हणून लांबीसाठी क्रियापद ठेवावं : पेशी ताणली, ताणली गेली. बलासाठी नाम : ताण. ‘पेशी ताणल्यावर ताण वाढतो’ या वाक्यात मग काही गोंधळ उरत नाही. ‘स्नायू ताणला गेला’ म्हटलं की वाचकाला दुखापत आठवते हे खरं, पण ‘पेशी’ म्हटलं की तो प्रश्न मिटतो.

स्ट्रेस म्हणजे दर क्षेत्रफळामागचं बल. त्याला पाठ्यपुस्तकी ‘प्रतिबल’ हा शब्द आहे, तो घ्यावा. इथे आळस नको. रक्तदाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते. भिंतीतलं प्रतिबल दाब आणि त्रिज्या यांच्या सम प्रमाणात आणि जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतं, त्यामुळे दाब चढाच राहूनही ते खाली येऊ शकतं. ‘ताण कमी झाला’ लिहिलं, तर दाब उतरला असंच कोणीही समजेल.

खरी पंचाईत स्ट्रेनची, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत लांबी किती बदलली त्याची. भौतिकशास्त्रात त्याला ‘विकृती’ म्हणतात, पण वैद्यकात विकृती म्हणजे रोग. ‘हृदयस्नायूची विकृती 20 टक्के’ वाचून धडकीच भरेल. ‘लांबीवाढ’ही चालत नाही, कारण इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात हा आकडा निरोगी हृदयातही उणे 20 टक्क्यांच्या आसपास असतो, आकुंचनात स्नायू आखूड होतो म्हणून उणे. मी ‘सापेक्ष लांबीबदल’ लिहीन, किंवा सरळ ‘स्ट्रेन’.

टक्के लिहिताना ते कशाचे हेही सांगायला हवं. पेशी सिलिकोनच्या लवचिक पडद्यावर वाढवून पडदा ताणतात. तो दोन्ही दिशांनी 10 टक्के ताणला, तर क्षेत्रफळ 21 टक्के वाढतं. नुसतं ‘10 टक्के ताण’ म्हटल्यास यातलं काय घ्यायचं ते वाचकाला कळत नाही. शिवाय आकडा पडद्याचा असतो. पेशी पडद्याला नीट चिकटलेली नसेल, तर ती तितकी ताणली जातच नाही. तेव्हा ‘पेशी 10 टक्के ताणल्या’ असं न लिहिता ‘पडदा प्रत्येक दिशेने 10 टक्के ताणला’ असं लिहावं.

पेशीपटलातल्या ज्या वाहिन्या अशा ताणण्याने उघडतात, त्यांना काही जण ‘ताणवाहिन्या’ म्हणतात. त्यातून त्या ताण वाहून नेतात असं वाटतं. त्या आयन आत-बाहेर सोडतात. ‘ताणल्यावर उघडणाऱ्या वाहिन्या’ हे लांबलचक असलं तरी बरोबर आहे.