छोट्या ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलरमध्ये) चिकन आणि भाज्या एकाच ट्रेमध्ये नीट भाजून होतात का?

होतात. फक्त मोठ्या ओव्हनसाठी लिहिलेली रेसिपी जशीच्या तशी उचलू नका.

तुम्ही लिहिलंय की २५ लिटरच्या ओटीजीत लेग पीस, बटाटे, गाजर, कांदा, सिमला मिरची सगळं एकदमच २०० अंशांवर ठेवलं. पाऊण तासाने चिकन वरून काळं, हाडाजवळ लालसर, बटाटे कच्चे आणि ट्रेमध्ये वाटीभर पाणी. वाचताना मला माझाच पहिला ट्रे आठवला. मी तर चार लेग पीस कोंबले होते आणि उरलेल्या फटींमध्ये बटाटे खोचले होते. दार उघडलं तर चष्म्यावर वाफ, खाली पातळ रस्सा आणि वर करपलेलं कातडं. भाजलेलं काहीच नव्हतं, सगळं उकडलं होतं. वरून जळलं होतं ते वेगळंच!

तुमच्या ट्रेमध्ये दोन वेगवेगळ्या चुका एकावर एक चढल्या आहेत. एक रॉडची (म्हणजे ओटीजीत वर-खाली तापणाऱ्या सळयांची), दुसरी पाण्याची.

आधी रॉडचं बघू. मोठ्या ओव्हनमध्ये पदार्थ मुख्यतः गरम हवेने आणि तापलेल्या भिंतींनी भाजतो. ओटीजीत रॉड चार बोटांवर असतो आणि त्याची थेट धग पदार्थाला लागते. शेकोटीजवळ हात धरून बघा, एक वीत मागे घेतला की केवढा फरक पडतो! म्हणून जाळी मधल्या खाचेत नको, त्याच्या खालच्या खाचेत लावा. चिकनचा सगळ्यात उंच भाग आणि वरचा रॉड यांत निदान सात-आठ सेंटीमीटर जागा राहिली पाहिजे. आणि ओव्हन रिकामाच १५ मिनिटं तापू द्या. बऱ्याच जणांना वाटतं की प्रीहीट म्हणजे वेळ वाचवण्याची सोय. ओटीजीत त्याचं कारण वेगळं आहे. ओव्हन थंड असताना रॉड सलग लालभडक पेटलेले असतात. एकदा तापमान गाठलं की थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान सांभाळणारी कळ, त्यांना चालू-बंद करत राहतो. थंड ओव्हनमध्ये ट्रे सरकवला तर ती सुरुवातीची सगळी धग कातडीवर येते. तुमचं चिकन बहुधा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच काळं पडायला लागलं असेल.

बटणावरच्या आकड्यावर फार विश्वास टाकू नका. माझ्याकडच्या ओटीजीत बटण २०० वर असताना आत ठेवलेला थर्मामीटर १७५ ते २२५ असा झुलत असतो. जाळीवर ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या, हजार टिपांपेक्षा तो कामाला येतो. तुमच्या ओटीजीत पंखा असेल तर आकडा २० अंशांनी खाली घ्या.

आता पाणी. पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर फारसं जात नाही, मग बटण २०० वर असो की २५० वर. आणि खरपूस रंग-वास यायला साधारण १४० तरी लागतात. म्हणजे पाणी आटेपर्यंत भाजणं सुरूच होत नाही. ओटीजीची पोकळी एवढीशी, त्यात ट्रे गच्च भरला की सुटलेली वाफ तिथेच घुमते. म्हणून दोन जणांसाठी दोन लेग पीस, अडीचशे ग्रॅम बटाटे, दोन गाजरं, एक कांदा, बस. तुकड्यांच्या मधून ट्रेचं बूड दिसलं पाहिजे. चार जण जेवायला असतील तर दोन खेपा करा. माझ्या मते दुसरा मार्ग नाही. दोन ट्रे वर-खाली लावून बघितले, वरचा करपला, खालचा पांढराफटक.

चिकन कोरडं करणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. नळाखाली धुऊ नका. त्याने जंतू जात नाहीत, शिंतोडे मात्र ओटाभर उडतात. पेपर टॉवेलने टिपा, कातडीच्या घड्यांमध्येसुद्धा. अर्धा किलोला सपाट चहाचा चमचाभर मीठ चोळा आणि शक्य असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, झाकण न घालता ठेवा. सकाळी कातडी कागदासारखी ताणलेली, हाताला चिकट न लागणारी झालेली असते. अशी कातडी झाली की अर्धं काम झालं समजा. सॉस, मध, दह्याचं मॅरिनेशन वगैरे या पद्धतीत शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा. साखर आणि दूध दोन्ही रॉडखाली भराभर काळी पडतात.

बटाटे कच्चे राहिले कारण त्यांना चिकनइतकाच वेळ दिलात आणि तोही वाफेत. बटाट्याचे अडीच सेंटीमीटरचे तुकडे करा, गाजर बोटाच्या जाडीचं. बटाटे मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा, पाण्यात खायच्या सोड्याची चिमूट टाका. निथळून झाल्यावर पातेलं झाकण लावून दोन-तीनदा हलवा. बटाट्याच्या कडा खरबरीत होतात, जणू वरून ओला रवा लावलाय. तीच कड तेलात कुरकुरीत होते. वाफ निघून जाईपर्यंत थांबा, मग दीड टेबलस्पून तेल, मिरपूड आणि लसणाच्या न सोललेल्या पाकळ्या. सोललेला लसूण करपून कडू होतो.

आता क्रम. बटाटे आणि गाजर एकटेच २०० अंशांवर १५ मिनिटं. मग बाहेर काढून उलटा, कांद्याच्या जाड फोडी टाका आणि मधोमध जागा करून लेग पीस ठेवा, कातडी वर. ट्रे गरम असल्याने चिकन ठेवताच चर्र आवाज आला पाहिजे. आणखी ३५ ते ४० मिनिटं. अर्ध्या वेळेत ट्रे फिरवून लावा, कारण प्रत्येक ओटीजीचा एक कोपरा तापट असतोच. सिमला मिरची शेवटच्या १२ मिनिटांसाठी. मध्ये-मध्ये दार उघडून डोकावू नका. एवढीशी पोकळी क्षणात थंड होते आणि रॉड पुन्हा सलग पेटतात, म्हणजे परत तीच धग.

झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही लालसर छटा राहू शकते. टोचायचा थर्मामीटर मांसाच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता घाला. चिकनसाठी किमान ७४ अंश. लेग पीस मी ८२-८५ पर्यंत जाऊ देतो, कारण तिथे चिवट भाग विरघळून मऊ होतो. ब्रेस्टला हे चालत नाही, ते ७४ च्या पुढे गेलं की भुसा. ब्रेस्टच वापरायचं असेल तर बटाट्यांना अर्धा तास आधी घाला आणि ब्रेस्ट नंतर, साधारण २० मिनिटांसाठी. मटण किंवा पोर्कचे अख्खे काप ६३ अंशांना बाहेर काढून तीन मिनिटं ठेवले की खाण्याजोगे होतात, पण खिम्याला ७१ हवेतच.

रंग कमी वाटला तर शेवटी फक्त वरचा रॉड, तीन-चार मिनिटं, आणि तेवढा वेळ तिथून हलू नका. धूर यायला लागला तर तो बहुतेक वेळा चिकनचा नसतो, मागच्या वेळी उडून रॉडखाली साचलेल्या चरबीचा असतो. खालचा चुरा-ट्रे दर वेळी पुसा, पण त्यावर फॉइल अंथरू नका, उष्णता अडकते. फॉइल किंवा बेकिंग पेपरची कड रॉडला लागता कामा नये, आग लागू शकते. काचेचं भांडं वरच्या रॉडखाली अजिबात नको, तडकतं. काळपट धातूचा ट्रे सगळ्यात चांगला; चकचकीत ट्रेमध्ये बटाट्याला खालून रंग यायला उशीर लागतो.

बाहेर काढल्यावर चिकन ताटलीत पाच-सात मिनिटं उघडंच ठेवा, झाकलं तर कमावलेली कातडी मऊ पडेल. तोवर ट्रेमध्ये दोन चमचे गरम पाणी टाकून लाकडी उलथन्याने तळाला चिकटलेलं खरवडा, भाजलेल्या लसणाच्या पाकळ्या त्यात पिळा आणि वर लिंबू. हे मिश्रण चिकनवर नको, बटाट्यांवर ओता.