लॅब्राडूडलचं (लॅब्राडोर आणि पूडल या कुत्र्यांच्या संकराचं) पिल्लू घेतलं तर घरात केस अजिबात होणार नाहीत का?

कमी होतात, पण ‘अजिबात नाही’ हे विकणाऱ्याचं बोलणं. गळलेला केस फरशीवर न पडता कुरळ्या अंगातच अडकतो. झाडू वाचतो, कंगवा वाढतो. आमच्याकडे कानामागे आणि काखेत सुपारीएवढ्या गाठी व्हायच्या. वरवर ब्रश फिरवून त्या कळत नाहीत, स्टीलचा कंगवा कातडीपर्यंत न्यावा लागतो. आठ-दहा महिन्यांचं झालं, लहानपणीची लव बदलू लागली की रोजच.

अ‍ॅलर्जी म्हणून घेताय? मग जपून. ती होते लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. १९८९ साली ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी अ‍ॅलर्जीपायीच ही जोडी जमवली, तेव्हा ३ पिल्लांतलं एकच चाललं. आधी पिल्लापाशी तासभर बसून बघा. आणि ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका.