आवाज येतो, शब्द कळत नाहीत

मिरजेत कान-नाक-घशाचा दवाखाना चालवायचा म्हणजे एक पंचाईत असते. निम्म्या रुग्णांना सुरातलं डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. मागे एक सतारमेकर कान दाखवायला आले. मी तपासणीचा काटा (ट्यूनिंग फोर्क) गुडघ्यावर आपटून त्यांच्या कानाशी धरला, तर म्हणाले, "ऐकू येतंय हो, पण हा पांढरी सातही नाही आणि वरची पांढरी एकही नाही. मधेच लोंबकळतोय." अगदी बरोबर. काटा सेकंदाला ५१२ कंपनांचा असतो आणि ती जागा खरोखरच पेटीच्या त्या दोन पट्ट्यांच्या मधे पडते. तीस वर्षं तो काटा वापरतोय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

या वेळी पत्रं बरीच आहेत. काही थोडक्यात उरकतो, रागावू नका.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी बोलतात. आम्ही बोललो की "तोंडातल्या तोंडात बोलता" म्हणतात, आणि मोठ्याने बोलले की "ओरडतेस कशाला, मी बहिरी नाही." कानाचं मशीन घेऊन दिलं, ते आठ दिवसांत कपाटात गेलं. त्या मुद्दाम असं करतात का? (एक सूनबाई, इचलकरंजी)

नाही. त्या म्हणतात ते तिन्ही वेळा खरं आहे.

वयाने कान जातो तो वरच्या सुरांकडून. आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते, तिच्यात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. उंच सूर टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी, खर्जाच्या अगदी आत. तोंडाजवळच्या आधी झिजतात आणि झिजलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. आता आपली भाषा बघा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या अंगाला असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श, फ, थ ही व्यंजनं उंच आणि नाजूक. कानाला स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. "साखर आणा" म्हटलं की "भाकर आणा" ऐकू येतं. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. त्यांना वाटतं समोरचा पुटपुटतोय, आणि त्यांच्या कानाच्या हिशेबाने तो पुटपुटतच असतो.

आपण ओरडतो तेव्हा स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं आहे तिथेच राहतात. शिवाय अशा कानाची सहनशक्तीही कमी झालेली असते. हळू बोललेलं ऐकू येत नाही, आणि थोडं चढवलं की थेट बोचतं. म्हणून "ओरडतेस कशाला".

टीव्हीवर त्या काय बघतात ते तुम्ही लिहिलं नाही, पण बातम्यांमधली संध्याकाळची चर्चा असणार, पैज लावतो. सहा माणसं एकदम बोलतात, मागे ढॅण ढॅण संगीत. चांगल्या कानालाही त्यातून शब्द वेचता येत नाहीत. त्यापेक्षा एकट्या निवेदकाचं बातमीपत्र लावून द्या, आवाज आपोआप दोन पायऱ्या खाली येईल.

आता मशीन. तानपुरा दुकानातून आणला आणि कोपऱ्यात ठेवला तर तो बोलत नाही. तारा टेकतात त्या घोडीवर जवारी, म्हणजे सुराची गुंज, लावावी लागते, कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. मशीनचंही तसंच. पहिल्या दिवशीचं सेटिंग शेवटचं नसतं. तीन-चार खेपा माराव्या लागतात, आणि प्रत्येक खेपेला "काय बोचतंय, काय निसटतंय" हे नेमकं सांगावं लागतं. पहिल्या आठवड्यात मशीन काढून ठेवणाऱ्या बहुतेक बायका एकच कारण देतात, स्टीलची भांडी. पंधरा वर्षं न ऐकलेला खणखणाट एकदम डोक्यात शिरतो. तेव्हा आधी शांत खोलीत, एका माणसाशी गप्पा मारताना, दिवसाला तास-दोन तास. स्वयंपाकघर नंतर.

आणि तुमच्या बाजूने एवढं करा. बोलण्याआधी "आई" अशी हाक मारा, समोर या, तोंडावर उजेड असू द्या. मिक्सर चालू ठेवून आतून बोलू नका. कळलं नाही तर तेच वाक्य चढ्या आवाजात सांगण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगा. सगळे हसले आणि त्यांनी "काय झालं?" विचारलं की "काही नाही, राहू दे" म्हणण्याची घरोघरी सवय असते. ती मोडा. माझ्याकडे येणारी म्हातारी माणसं कानापेक्षा त्या "राहू दे"बद्दल जास्त बोलतात. लॅन्सेट नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी चौदा कारणं दिली, त्यांत ऐकू कमी येणं आहे. मशीन कपाटातून काढायला हे कारण पुरेसं आहे.

प्रश्न : वय ५३. वीस वर्षं भजनी मंडळात पुढे बसून गाते. पट्टी काळी पाच. दोन वर्षांपासून तार षड्ज (वरचा सा) फाटतो, काळी चार केली तरी ओढाताण होते. मैत्रिणी म्हणतात रियाज कमी पडतोय. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. घशाला काही झालं असेल का? (सांगलीहून)

पाळीचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण पत्रातली महत्त्वाची ओळ तीच आहे. पाळी गेल्यावर संप्रेरकं बदलतात, स्वरतंतू थोडे जाड आणि कोरडे होतात, आवाज खाली सरकतो. रियाज कमी पडल्यामुळे हे होत नाही, आणि नेटाने वरचा सूर खेचायला गेलात तर स्वरतंतूंवर गाठी यायच्या.

गंगूबाई हनगल यांचा तरुणपणीचा आवाज उंच आणि बारीक होता. घशाच्या दुखण्यानंतर, शस्त्रक्रियेनंतर तो कायमचा जाड आणि खर्जाचा झाला. त्या आवाजाला त्यांनी जुना आवाज बनवायचा प्रयत्न केला नाही. आज आपण "गंगूबाईंचा आवाज" म्हणतो तो हा दुसरा आवाज. तुम्ही पट्टी काळी तीन करा, नाहीतर पांढरी चार. पेटीवाल्या बाई कुरकुरतील, त्यांची बोटं काळी पाचला बसलेली असतात. कुरकुरू द्या.

मात्र एकदा दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. पट्टी खाली जाणं वेगळं आणि आवाज घोगरा होणं वेगळं. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला तर कोणीही, गाणारा असो वा नसो, तपासून घ्यायला हवं. मिश्री लावत असाल तर तीन आठवडेही थांबू नका. थायरॉइडची रक्ततपासणीही करा, या वयात ते दुखणं चोरपावलांनी येतं. बाकी नेहमीचंच : पाणी भरपूर, रात्री जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, दर मिनिटाला खाकरायचं नाही. घसा बसला तर कमी बोला, पण साध्या आवाजात. कुजबुजण्याने आराम मिळत नाही.

प्रश्न : कानात रोज रात्री कोमट तेल घातलं तर चालेल का? आजी घालायची.

नको. कानाचा मळ आपला आपण बाहेर येतो. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन पू होतो. काडी, पिन, गाडीची किल्ली, काहीच घालू नका. किल्ली घालणारे पुरुष जास्त, हे माझं निरीक्षण.

प्रश्न : गायिका अलका याज्ञिक यांना अचानक ऐकू येईनासं झालं ही बातमी वाचल्यापासून मी इअरफोनला हात लावलेला नाही. गाणी बंद, घर सुनं वाटतं. माझं असं होईल का? (निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर)

जून २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच हे जाहीर केलं. विमानातून उतरल्यावर एकाएकी काही ऐकू येईना, आणि विषाणूच्या हल्ल्याने कानाची नस दुबळी झाल्याचं निदान झालं. त्याच निवेदनात त्यांनी मोठ्या आवाजातल्या संगीताबद्दल आणि हेडफोनबद्दल सावध केलं होतं, म्हणून लोकांनी दोन्हींची सांगड घातली. इअरफोनने कान खराब होतो तो वर्षानुवर्षांत, हळूहळू. एका सकाळीत जाणारा कान हे वेगळं दुखणं आहे, आणि ते दुर्मीळ आहे. तुम्ही गाणी लावा. आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवा, एवढंच.

पण बातमीतून एक गोष्ट जरूर घ्या. सकाळी उठल्यावर एक कान अचानक गच्च बंद वाटला, तर "मळ असेल, बघू दोन-चार दिवस" म्हणू नका. नसेचं दुखणं असेल तर स्टेरॉइड लवकर सुरू करावं लागतं, पहिल्या तीन दिवसांत मिळालं तर उत्तम. दोन आठवडे उलटले की औषधाचा उपयोग कमी होत जातो. दर वर्षी दोघे-तिघे तरी महिनाभर थेंब घालून मग येतात, आणि मला फक्त हळहळता येतं.

घरच्या घरी एक करून बघता येतं. तोंड मिटून षड्ज लावा, नुसता हुंकार. मळाने किंवा सर्दीने कान बंद असेल तर तो सूर बंद कानात मोठा वाजतो. चांगल्या कानात मोठा वाजला, तर नसेचा संशय, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि हुंकारावरून काहीच नक्की कळलं नाही, तरीही त्याच दिवशी गाठा.

प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे, ढोल पथकात आहे. सरावानंतर रात्रभर कानात शिट्टी वाजते, सकाळपर्यंत जाते. आई म्हणते सोडून दे. आमचे दादा म्हणतात सवय होते. (पुणे)

सवय होते हे खरं. पेशी मेल्या की त्यांना त्रास व्हायचा थांबतो, त्यालाच दादा सवय म्हणताहेत.

शिट्टी म्हणजे कानाने दिलेली पहिली नोटीस. ८५ डेसिबल आवाजात आठ तास हा कामगारांसाठी मानलेला मर्यादेचा हिशेब आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. पथकात तुम्ही ढोलाला पोट लावून उभे, शेजारी ताशा, तिथे शंभराच्या वर सहज जातं, आणि सराव दोन-तीन तासांचा. हिशेब तुम्हीच करा.

सोडायला मी सांगत नाही. फोमचे इअरप्लग घ्या, औषधांच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. बारीक वळून कानात घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचे. कापसाचा बोळा काही अडवत नाही, तो फक्त समाधान देतो. ताशाची लय प्लगमधूनही कळते, कारण ढोल निम्मा अंगाने ऐकायचा असतो. सरावात मधे वीस मिनिटं लांब जाऊन बसा. शिट्टी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली तर ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या.

आईसाठी कायद्याचंही सांगतो, कारण याच विषयावर तीन पत्रं आहेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद, राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ती वेळ १२ पर्यंत नेऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती, सरकारने तसं जाहीर केलं असेल तिथे, १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. तक्रारीला ११२. मिरवणुकीत ५५ डेसिबल? मीही हसलो. पण बाळंतिणीच्या खिडकीखाली स्पीकरची भिंत उभी करून दणदणाट करू नये, एवढं कायद्याशिवायही कळायला हरकत नाही.

प्रश्न : अमुक राग रोज अर्धा तास ऐकला की रक्तदाब बरा होतो, असा संदेश आमच्या ह्यांना आला. त्यांनी गोळी बंद केली. आता दोन्ही वेळेला तानपुरा लावून डोळे मिटून बसतात. ऐकत नाहीत. (सोलापूर)

डोळे मिटून बसणं चांगलं, गोळी बंद करणं वाईट. शांत संगीताने श्वास संथ होतो, धास्ती कमी होते, रक्तदाब थोडा उतरतोही, तेवढ्यापुरता. गोळीचं काम चोवीस तासांचं आहे.

ते गाण्याचे शौकीन दिसतात, तर त्यांना कुमार गंधर्वांचं सांगा. क्षय झाला तेव्हा ते ऐन विशीतले होते. १९४८ साली हवापालटासाठी देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद ठेवलं, काही वर्षं. भारतातला इतका मोठा गवय्या घरी खाटेवर, खिडकीबाहेर माळव्याची लोकगीतं, आणि गायला बंदी. बरे झाले ते तेव्हा नुकत्याच आलेल्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाने आणि पत्नी भानुमतीताईंच्या शुश्रूषेने. १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत बसले. गाण्यानेच आजार जात असते तर कुमारांना औषधाची वाट बघावी लागली नसती. गोळी आजच सुरू करायला सांगा, डॉक्टरांना दाखवून. लोणचं, पापडही कमी. दिवसाचं मीठ सगळं मिळून चमचाभराच्या आत. तानपुरा चालू राहू द्या.

प्रश्न : मी ८१ वर्षांचा आहे. पत्नी जाऊन दीड वर्ष झालं. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. गेले काही महिने रात्री शांत झालं की गाणं ऐकू येतं, शब्दांसकट. उठून खिडकीत गेलो, कुठे काही चालू नव्हतं. मुलाला सांगितलेलं नाही. तो मला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेईल. (नाव छापू नये)

छापत नाही.

तुम्हाला वेड लागलेलं नाही. ऐकू कमी आलेल्या वयस्क माणसांत हे होतं, लोकांना वाटतं त्याहून जास्त वेळा. कोणी सांगत नाही, तुमच्यासारखंच. कानाकडून मेंदूला माल कमी यायला लागतो, आणि मेंदूला रिकामं बसवत नाही. तो जुन्या पेटाऱ्यातलं काढून लावतो. बहुतेकांना लहानपणचं किंवा घरात पुष्कळदा ऐकलेलं गाणं येतं. तेच कडवं पुन्हा पुन्हा. हे बाहेरचं नाही, कुठे वाजत नाहीये, हे तुम्ही स्वतःच खिडकीत जाऊन ताडलंत, हे फार चांगलं लक्षण आहे. आवाज तुम्हाला काही करायला सांगत असते, कोणी धमकावत असतं, तर मी वेगळं बोललो असतो.

तरी तपासायला हवं. ऑडिओमेट्री, आणि मशीन लागलं तर मशीन. खरे आवाज आत जायला लागले की हे बऱ्याच जणांत कमी होतं. तोवर रात्री खोलीत रेडिओ बारीक चालू ठेवा, नाहीतर पंखा. पूर्ण शांतता नको. काही औषधांनीही असं होतं, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन या.

आणि मुलाला बरोबर आणा. त्याला काय सांगायचं असा प्रश्न असेल तर हे पान दाखवा, नाव नाहीच त्यावर. मी त्याच्याशी बोलेन.

गाणं कोणतं ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. आलात की सांगा.