लाईट जाऊन आल्यावर रास्पबेरी पाय चालू होतो, पण डोंगल आणि सेन्सर सापडत नाहीत. बोर्ड जळाला असेल का?

तुम्ही लिहिलंय की चिकोडीजवळ तुमच्या पॉलीहाऊसमध्ये रास्पबेरी पाय ४, म्हणजे एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, आहे. वळवाच्या पावसात लाईट चार वेळा गेली-आली आणि बोर्ड अडकला. नंतर बूट झाला, पण यूएसबी हबमधला फोरजी डोंगल (नेटसाठीचा मोडेम) आणि बोर्डच्या पिनांना जोडलेला, हवेची आर्द्रता मोजणारा बीएमई२८० सेन्सर दोन्ही गायब. तीनदा रीबूट करून झालं, दुकानदार नवा बोर्ड घ्या म्हणतोय. इतक्यात घेऊ नका. बोर्ड बूट होतोय, लॉगिन होतंय, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि कार्ड बहुधा शाबूत आहे. यूएसबी आणि पिना अशा दोन वेगवेगळ्या वाटांनी जोडलेल्या वस्तू एकदम दिसेनाशा झाल्या, तर आधी संशय विजेवर घ्यायचा.

रीबूट म्हणजे वीज तोडणं नव्हे. रीबूट करताना पिनांवरचा ३.३ व्होल्ट तसाच राहतो आणि स्वतःचा अडॅप्टर असलेला हब तर बोर्डकडं बघतही नाही. त्यामुळं अर्धवट अवस्थेत अडकलेला सेन्सर किंवा डोंगल तसाच अडकून राहतो. निपाणीच्या बाजूला आमच्या उसाच्या मळ्यात हेच झालं होतं. पंपाजवळच्या बोर्डावर मी दोन दिवस ड्रायव्हर काढत-घालत बसलो. शेवटी बोर्डची वायर काढल्यावरही लाल दिवा मंद जळताना दिसला, तेव्हा ध्यानात आलं की हबमधून उलटी वीज बोर्डात येतेय. हबचा अडॅप्टर काढला, दोन मिनिटं सगळं थंड ठेवलं, परत लावलं आणि डोंगल जागेवर.

म्हणून पहिलं काम तेवढंच करा. व्यवस्थित शटडाऊन करा, बोर्डची वायर काढा, हबचाही अडॅप्टर काढा, लाल दिवा पूर्ण विझू द्या. मग आधी फक्त बोर्ड चालू करा आणि एकेक वस्तू जोडा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं सुटलं ते कधीच कळत नाही.

आता डोंगलचं. 'एलएसयूएसबी' ही कमांड चालवा, ती यूएसबीवर सापडलेल्या वस्तूंची यादी देते. यादीत डोंगल असेल तर वायर आणि पोर्ट ठीक, गडबड पुढं आहे. काही डोंगल आधी सीडी म्हणून ओळख देतात आणि मग मोडेममध्ये बदलतात. तो बदल राहून गेला तर यादीत दिसतात पण नेट येत नाही. कधी डोंगलच्या पोर्टचं नाव बदलतं, टीटीवायूएसबी० चं टीटीवायूएसबी१ होतं, आणि तुमची स्क्रिप्ट जुन्याच नावाला हाका मारत बसते. स्क्रिप्टमध्ये 'सिरियल/बाय-आयडी' फोल्डरमधलं न बदलणारं नाव लिहिलंत तर ही कटकट कायमची जाते.

यादीत नसेल तर डोंगल काढून परत घाला आणि 'डीमेसेज' कमांडनं दिसणाऱ्या सिस्टीमच्या नोंदींतल्या शेवटच्या ओळी वाचा. 'एरर -७१' म्हणजे बोलणं सुरू झालं पण तुटलं, 'एरर -११०' म्हणजे वेळेत उत्तरच आलं नाही. दोन्हींत मी आधी वायर, हब आणि वीज तपासतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, मोबाईलचा साधा चार्जर बहुधा पुरत नाही. ४.६३ व्होल्टच्या आसपास खाली गेलं की बोर्ड स्वतःच नोंद ठेवतो. ती बघायला 'व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड' विचारा. ०एक्स० आलं तर ठीक, ०एक्स५०००० आलं तर बूट झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडली होती. ही नोंद रीबूटला पुसली जाते, म्हणून डोंगल थोडा वेळ चालवून मगच विचारा.

बीएमई२८० साठी 'आयटूसीडिटेक्ट -वाय १' चालवा, ती पिनांच्या आयटूसी वाटेवर (डेटा आणि क्लॉक अशा दोन वायरी) कोणत्या पत्त्यावर कोण आहे ते शोधते. त्याचा पत्ता ७६ किंवा ७७. सगळ्या जागा रिकाम्या दिसल्या आणि स्कॅन रेंगाळत असलं, तर बहुधा कुणीतरी डेटाची वायर शून्य व्होल्टवर धरून ठेवलीय. बोर्ड मध्येच अडकला तेव्हा सेन्सर उत्तर देत होता आणि बोर्डकडून येणाऱ्या उरलेल्या क्लॉकच्या ठोक्यांची अजून वाट बघतोय. वीज पूर्ण तोडली की सुटतो. पत्त्याच्या जागी 'यूयू' दिसलं तर घाबरू नका, ड्रायव्हरनं तो आधीच ताब्यात घेतलाय.

अपडेट चालू असताना लाईट गेली असेल तर 'यूनेम -आर' नं दिसणारा चालू कर्नलचा (सिस्टीमच्या गाभ्याचा) आकडा आणि 'लिब/मॉड्यूल्स' मधल्या फोल्डरचं नाव जुळतं का बघा. जुळत नसेल तर ड्रायव्हर सापडणारच नाहीत. 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' नं अपडेटचं अर्धवट राहिलेलं काम बहुधा पुरं होतं, पण त्याआधी कार्डची कॉपी काढून ठेवा.

एवढ्यानंही नाही झालं तर डोंगल लॅपटॉपला आणि सेन्सर दुसऱ्या बोर्डला, कमी लांबीच्या वायरनं लावून बघा. सेन्सरची वायर लांबवर बाहेर गेली असेल तर विजेच्या कडकडाटात तिच्यातून झटका येऊ शकतो, आणि पिना ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाहीत. पिन गेली असली तरी बोर्ड टाकायचं कारण नाही. 'आयटूसी-जीपीआयओ' ओव्हरले (बूट होताना वाचली जाणारी सेटिंग) लावून दुसऱ्या दोन पिनांवर तोच सेन्सर वाचता येतो. तिथं पुल-अपचे, म्हणजे वायर ३.३ व्होल्टकडं ओढून ठेवणारे, रोधक मात्र बाहेरून असावे लागतात, तयार मॉड्यूलवर ते बहुधा असतातच.