हायड्रोजन घातला म्हणजे डोपिंग झालं का?

प्रश्न : मी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोलर सेलसाठी सिलिकॉन-जर्मेनियमच्या फिल्ममध्ये हायड्रोजन घालतात असं वाचलं. हे फॉस्फरससारखंच डोपिंग का? त्याने इलेक्ट्रॉन जास्त पळतात का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, फॉस्फरससारखं डोपिंग (इलेक्ट्रॉन वाढवायला मुद्दाम केलेली भेसळ) नाही, आणि इथेच बहुतेक मुलं अडकतात. फॉस्फरस स्वतःचा एक इलेक्ट्रॉन देतो, इथे हायड्रोजन देत काही नाही, तो खड्डे बुजवतो. या फिल्ममधल्या अमॉर्फस सिलिकॉनमध्ये अणू नीट ओळीत नसतात, काहींचा चौथा हात रिकामाच लोंबकळत राहतो (डँगलिंग बाँड), हेच ते खड्डे, आणि असे हात एका घनसेंटीमीटरमध्ये एकावर १९ शून्यं इतके असतात, मग तुम्ही कितीही फॉस्फरस घाला, त्याचा इलेक्ट्रॉन त्या खड्ड्यात पडतो आणि खेळ खलास. दहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन मिसळला की तेच खड्डे एकावर १५-१६ शून्यांवर येतात. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीत स्पिअर आणि लकोंबर या शास्त्रज्ञांनी सिलेन (सिलिकॉन-हायड्रोजनचा वायू) यापासून केलेल्या फिल्मचं डोपिंग करून दाखवलं ते याच हायड्रोजनच्या जोरावर, मला तर हा फार सुंदर प्रयोग वाटतो.

पण वेगाचं म्हणाल तर फार आशा नको. स्फटिक सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात तो किती सहज पळतो याचं माप, cm²/V·s मध्ये) १४००च्या घरात, इथे जेमतेम १, कारण खड्डे बुजले तरी रस्ता वाकडातिकडाच राहतो, इलेक्ट्रॉन थांबत थांबत जातो.

आता तुमचं जर्मेनियम. लाल प्रकाश पकडायला ते घालतात, बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) कमी होतो, पण हायड्रोजनला सिलिकॉन जास्त आवडतं, जर्मेनियमशी त्याचा बंध कमजोर. त्यामुळे जर्मेनियमचेच हात रिकामे राहतात, आणि जर्मेनियम वाढवत गेलं की इलेक्ट्रॉनचं वाहणं बिघडत जातं. यावर उपाय म्हणून फिल्म बनवतानाच वायूंमध्ये भरपूर हायड्रोजन सोडतात.

हां, पण हे सगळीकडे लागू करू नका. टीव्हीच्या स्क्रीनमधल्या इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइड या सेमीकंडक्टरमध्ये तोच हायड्रोजन ऑक्सिजनला चिकटतो आणि खरोखर इलेक्ट्रॉन देतो, म्हणजे तिथे तो फॉस्फरससारखा डोनरच. जास्त झाला तर ट्रान्झिस्टर बंदच होत नाही, म्हणून वरच्या सिलिकॉन नायट्राइडच्या थरातून झिरपणारा हायड्रोजन आवरायलाच तिथे खूप मेहनत घ्यावी लागते.